पदाच्या आधीचं वाक्य

संगीत नाटकाचा पदव्युत्तर अभ्यास करायचा असं ठरवलेल्या विद्यार्थ्याला पहिला अडसर प्रवेशअर्जावरच येतो. मुंबई विद्यापीठात संगीताचा विभाग वेगळा आणि नाट्यकलेची अकादमी वेगळी. पुण्याच्या ललित कला केंद्रात गायन, नृत्य आणि नाट्य एकाच आवारात नांदतात, पण वाटा तीन. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विभागाच्या नावातच संगीत आणि नाट्यशास्त्र शेजारी आहेत, तरी अभ्यास करणाऱ्याचा पिंड गाण्याचा की नाटकाचा हा प्रश्न तिथेही सुटत नाही. गायनाकडून आलेला विद्यार्थी नाट्यपदाकडे छोटा ख्याल म्हणून बघतो: राग ओळखतो, ताना बसवतो, मैफलीत गातो. नाटकाकडून आलेल्याला पद म्हणजे प्रसंगाच्या वाटेत आलेला थांबा वाटतो, लवकर उरकायचा. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते. बोलणारं पात्र कुठल्या क्षणी गायला लागतं आणि त्याच क्षणी का, हा या अभ्यासाचा गाभा आहे, आणि तो पदात सापडत नाही. तो पदाच्या आधीच्या गद्य वाक्यात असतो.

म्हणून पहिल्या सत्रात राग-तालांच्या याद्या करण्याआधी एक काम करावं. एखाद्या नाटकाचा एकच अंक घ्यावा आणि त्यातल्या प्रत्येक पदाचं वेगळं पान करावं. पानावर लिहायचं ते असं: पदाच्या आधीचं शेवटचं वाक्य कोणतं आणि ते कोणी म्हटलं, पद कोणाला उद्देशून आहे, पदाआधी पात्राला काय माहीत होतं, काय हवं होतं, पदानंतर त्यात काय बदललं, पदानंतरचं पहिलं वाक्य काय आहे. शेवटी हे पद काढून टाकलं तर पुढचा प्रसंग समजेल का, याचं उत्तर. एका अंकाला साधारण दोन आठवडे जातात. घाई केली की सगळ्या पानांवर ‘पात्राच्या भावना व्यक्त होतात’ एवढंच वाक्य उरतं, आणि त्याचा काही उपयोग नसतो.

‘सौभद्रा’तलं सुभद्रेचं ‘वद जाउं कुणाला शरण’ बघा. बलरामाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, तिचं मन अर्जुनावर आहे, आणि समोर सखी आहे. पदाचा पहिलाच शब्द ‘वद’, म्हणजे सांग. हे स्वगत नाही, विचारणं आहे. तरीही बहुतेक गायिका हा शब्द प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीकडे बघून उचलतात, आणि तिथेच सखी रंगमंचावर असून नसल्यासारखी होते. पुढे अंतऱ्यांची चढण आहे. आप्तांना, भावांना विनवून झालं, व्यर्थ गेलं. आईवडील हाल बघून कष्टी होतात, पण त्यांचं काही चालत नाही. एरवी हात जोडून पुढेपुढे करणारे यादव आता उलटले. एकेक दार बंद होत जातं आणि दर वेळी मुखडा, म्हणजे पदाची सुरुवातीची ओळ, तोच परत येतो. पहिल्या वेळी तो खरा प्रश्न असतो, सखीकडे काही उत्तर असेल अशी आशा असते. शेवटच्या अंतऱ्यानंतर तोच मुखडा येतो तेव्हा विचारायला कोणी उरलेलं नसतं. चारही वेळा एकाच वजनाने, एकाच जागेवर हरकत घेऊन मुखडा गायला तर सूर कितीही नेटका असो, प्रसंग जागचा हलत नाही.

आता त्याच मुखड्यातली अक्षरं: ‘वद जाउं कुणाला शरण, करी जो हरण संकटाचे, मी धरिन चरण त्याचे’. शरण, हरण, चरण हा आतला यमक आहे. श-र-ण तिन्ही अक्षरं लघू, म्हणजे ऱ्हस्व. लघू अक्षरांवर स्वर लांबवायला जागाच नसते. ओढलं की ‘शरऽण’ असं काहीतरी ऐकू येतं आणि ‘हरण’ येईपर्यंत कानातला ‘शरण’ विरून जातो. लांबवायचंच तर ‘संकटाचे’ मधला ‘टा’ आहे, ‘त्याचे’ मधला ‘त्या’ आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी थांबण्याच्या जागा अक्षरांतच ठेवल्यात. पद हातात आल्यावर पहिल्या दिवशी पेन्सिलीने सगळी दीर्घ अक्षरं अधोरेखित करून टाकावीत. आलाप-हरकतींची निम्मी जागा तिथेच कळते.

यानंतर चालीकडे वळायचं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले, १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आलं, आणि त्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदांच्या डोक्यावर ‘साकी’, ‘दिंडी’ किंवा ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या गाण्याचे दोन-चार शब्द दिलेले असतात. हे चार शब्द संशोधकासाठी सोन्यासारखे. कीर्तनातली पदं, लावण्या, बायकांची गाणी, कानडी चाली, असं सगळं त्या शीर्षकांत लपलेलं असतं. पण आज ते मूळ गाणं कोणाला येतंच असं नाही. अशा वेळी निदान छंद तरी मोजता यायला हवा. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. दिंडीची ओळ १९ मात्रांची, नऊ आणि दहा अशी तुटणारी. नलदमयंतीच्या आख्यानातली रघुनाथ पंडितांची ‘कथा बोलूं हे मधुर सुधाधारा’ ही ओळ घ्या: ‘कथा बोलूं हे’ मध्ये एक, दोन, दोन, दोन, दोन मिळून नऊ, ‘मधुर सुधाधारा’ मध्ये तीन, एक, दोन, दोन, दोन मिळून दहा. साकीची ओळ २८ मात्रांची, सोळावर थांबून बारा. संहितेतली एखादी ओळ या मापात बसत नसेल तर बहुधा छपाईत ऱ्हस्व-दीर्घ बदललेलं असतं. नव्या आवृत्त्यांत शुद्धलेखनाच्या आजच्या नियमांनी जुने ऱ्हस्व उकार, इकार दीर्घ केलेले दिसतात. ‘जाउं’ चं ‘जाऊ’ झालं की एक मात्रा वाढली. त्यामुळे प्रबंधासाठी शक्य तितकी जुनी आवृत्ती धरावी आणि कोणती धरली ते सांगावं.

चाल परंपरेने गळ्यातून आली आहे की छंदावरून आज बसवली आहे, हे प्रबंधात प्रत्येक पदापुढे स्वच्छ लिहिलं पाहिजे. हे दोन वेगळे पुरावे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढच्या अभ्यासकाची वाट चुकते.

चालींचा उगम बदलला की नाटकाची चालही बदलते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’पासून पारशी-गुजराती रंगभूमीच्या चाली आणल्या. १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचा पूरबी बाज आणला. १९१६ च्या ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी पदांना दिल्या आणि रुक्मिणीच्या तोंडी यमन, भूप आले. इथे एक गोष्ट विद्यार्थ्याने नीट तपासावी. किर्लोस्करांचं पद प्रसंगाला चिकटलेलं, छोटं, पुष्कळदा संवादाचंच काम करणारं. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदं आहेत आणि ती तशी असल्यामुळेच मावतात. ख्यालाची बंदिश आली की तिला फुलायला वेळ लागतो. पदांची लांबी वाढली, संख्या कमी होत गेली, आणि नट गायक म्हणून जास्त ओळखला जाऊ लागला. ‘एकच प्याला’ तर आणखी निराळं: नाटक गडकऱ्यांचं, पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नाटक त्यानंतर रंगभूमीवर आलं. गद्य एकाचं आणि पद दुसऱ्याचं असताना आधीचं वाक्य आणि पद यांचा सांधा कसा बसलाय, हा माझ्या मते एका सत्राच्या निबंधाला पुरून उरेल असा विषय आहे.

पट्टीचा, म्हणजे गायकाने षड्ज कुठल्या सुरावर धरायचा हा, प्रश्न कागदावर दुय्यम वाटतो, तालमीत तोच पहिला उभा राहतो. ही पदं रचली गेली तेव्हा स्त्रीभूमिका पुरुष करत होते. भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला आणि सुभद्रा, बालगंधर्वांची भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू. नायक-नायिकेच्या पट्टीतलं अंतर तेव्हा आजच्याइतकं नसे. आता नायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून, गातो आणि नायिका काळी चारमध्ये. द्वंद्वगीत आलं की काय करायचं? हिशेब सोपा आहे. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. पद काळी एकमध्येच ठेवलं तर नायिकेने स्वतःच्या मध्यमाला षड्ज मानून गायचं. मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत ती आरामात जाते, कारण तो तार षड्ज तिच्या नेहमीच्या पट्टीतला तार मध्यम असतो. पण अंतरा तार गंधारापर्यंत चढत असेल तर तिचा आवाज तिथे चिरकणार, आणि मग तो अंतरा नायकाकडे द्यावा किंवा ओळींची वाटणी बदलावी. तालीम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पदाचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा स्वर लिहून काढला तर हे सगळं एका दुपारी ठरतं. तसं केलं नाही तर पाचव्या-सहाव्या तालमीत पट्टी बदलते, आणि नटाच्या अंगात बसलेलं सगळं पुन्हा मोडतं.

साथीचंही तसंच. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष होते, शिवाय ऑर्गन. ऑर्गनचा भाता पायाने चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि स्वर सलग भरून येतो. म्हणूनच गद्याच्या शेवटच्या शब्दाखाली षड्ज हलकेच धरून ठेवणं त्याला जमतं आणि नटाला वाक्यातून पदात पाऊल टाकता येतं. हा षड्ज फार आधी आला तर प्रेक्षकाला ‘आता गाणं’ असं कळून तो वाक्य ऐकायचं सोडतो. उशिरा आला तर नट सूर शोधत थांबतो. वाक्यातल्या कुठल्या शब्दाला षड्ज धरायचा, ते ऑर्गनवाल्याच्या संहितेत खूण करून ठेवावं. दुसरं म्हणजे ऑर्गनचे स्वर बांधलेले असतात. सारंगी गायकाच्या गंधाराला चिकटून जाते, ऑर्गनचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा, म्हणजे तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा, किंचित चढाच राहतो. भूप-यमनासारख्या रागात गंधारावर ठेहराव असेल तेव्हा ऑर्गनवाल्याने तो स्वर सोडून षड्ज-पंचमावर राहावं. आणि जुना ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरात असेलच असं नाही. तबला, तानपुऱ्याचं ॲप आणि ऑर्गन यांचा मेळ तालमीच्या पहिल्याच दिवशी बघावा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, भात्याचं कातडं वाळलं की चिरतं, रीडवर धूळ बसली की स्वर फुसफुसतो. प्रयोगाच्या आदल्या दिवशी सगळ्या पट्ट्या एकेक करून वाजवून बघण्याला पर्याय नाही.

ध्वनिमुद्रणांवर विसंबताना फार जपून. ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची. रंगमंचावर दहा मिनिटं रंगणारं पद तिथे दाबून बसवलेलं असतं: अंतरे गाळलेले, लय वाढवलेली. गती तीच नाट्यगती समजून तालमीत धरली तर अर्थ पळत सुटतो. शिवाय त्या काळी मुद्रणाची गती सगळीकडे नेमकी ७८ नव्हती. ७२ ला मुद्रित केलेली तबकडी ७८ ला फिरवली तर स्वर अर्ध्या स्वराहूनही जास्त चढतो, सुमारे १.४ अर्धस्वरांनी. इंटरनेटवरच्या प्रतींत हा घोळ तसाच उतरलाय. त्यामुळे ‘अमुक गायक अमुक पट्टीत गात’ असं विधान तबकडीवरून करू नये. एकाच गायकाच्या अनेक तबकड्या लावून पट्टी ताडून बघावी, आणि तरीही ‘असावी’ म्हणूनच लिहावं.

प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यांत जास्त घसरण होते ती पदानंतर. शेवटची तान जोरकस घेतली, सम आली, टाळ्या आल्या, आणि पुढचं वाक्य धापा टाकत निघालं. उपाय आधीच करून ठेवायचा: शेवटची दोन आवर्तनं साधी ठेवावीत, तिहाईच्या (समेवर येण्यासाठी तीनदा घेतलेल्या तुकड्याच्या) आधी श्वास पूर्ण भरावा, सम घेतल्यावर एक आवर्तन ऑर्गनवर सोडून पात्र काहीतरी करेल अशी योजना असावी. ते ‘काहीतरी’ संहितेतून निघालं पाहिजे. समोरच्या नटाचंही काम ठरवावं लागतं. पाच मिनिटं दुसरा गात असताना नुसतं बघत उभं राहणं फार अवघड. ऐकणाऱ्याच्या मनात पदामुळे काय हलतंय ते प्रत्येक अंतऱ्याला ठरवून घेतलं की त्याचं उभं राहणंही बोलकं होतं. वन्समोर मिळालं तर पूर्ण पद की फक्त शेवटचा अंतरा, आणि प्रसंगात परत कुठून शिरायचं, हेही तालमीतच ठरलेलं असावं.

वेळेचं गणित एकदा कागदावर मांडून बघावं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनतालाचं एक आवर्तन आठ सेकंदांचं. मुखडा चार वेळा घोळवला की ३२ सेकंद गेली. बारा पदं, सरासरी पाच मिनिटं, म्हणजे एक तास. तीन तासांच्या प्रयोगात दोन मध्यंतरांची वीसेक मिनिटं वजा केली तर गद्याला उरतात १०० मिनिटं. पूर्वी रात्रभर चालणारी नाटकं या मापात कापताना विद्यार्थी लोकप्रिय पदं ठेवतो आणि छोट्या साक्या-दिंड्या उडवतो. तिथेच नाटकाचा कणा मोडतो, कारण कथा पुढे नेण्याचं काम पुष्कळदा त्या साक्या-दिंड्याच करत असतात. कापायचंच असेल तर मोठ्या पदातला एक अंतरा कापा, दिंडी ठेवा. एक दिंडी मिनिटभरात होते.

१९३३ च्या ‘आंधळ्यांच्या शाळे’त केशवराव भोळ्यांचं संगीत आणि ज्योत्स्नाबाईंचं गाणं आलं, भावगीताचा सुटसुटीतपणा आला, १९४२ च्या ‘कुलवधू’त मास्तर कृष्णरावांनी तो पुढे नेला. हा टप्पा अभ्यासक्रमांत घाईने उरकला जातो, त्याला एक स्वतंत्र प्रबंध मिळायला हवा. १९६० पासून ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मंदारमाला’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार’ (१९६७) या दोन्हींचे संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी मूळ गोव्यातल्या मंगेशीचे, दीनानाथ मंगेशकरांच्याच गावचे. ‘कट्यार’मध्ये गाणं हाच संघर्षाचा विषय आहे, त्यामुळे पात्र का गातं हा प्रश्न तिथे उरतच नाही; ‘घेई छंद मकरंद’ची दोन रूपं समोरासमोर ठेवली की दोन घराणी, दोन स्वभाव ऐकू येतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने मात्र ‘कट्यार’पासून सुरुवात करू नये. ते नाटक सांध्याचा प्रश्न इतक्या सहज सोडवतं की तो प्रश्न आहे हेच कळत नाही.

आणि ग्रंथालयाबाहेर पडावं. राज्य नाट्य स्पर्धेची संगीत नाटकांची फेरी वेगळी होते. तिथे एकापाठोपाठ एक प्रयोग बघता येतात आणि एकच पद दोन संघांकडून ऐकायला मिळतं. गोव्यात देवळांच्या जत्रांत गावकरी अजून संगीत नाटक उभं करतात. सिंधुदुर्गातला दशावतार संगीत नाटक नव्हे, पण तिथे संवाद ऐनवेळी रचत रचत नट गाण्यात कसा शिरतो, पेटीवाला त्याचा रोख कसा ओळखतो, हे बघितलं की या सगळ्या प्रश्नाकडे नव्याने बघता येतं.

प्रबंधाचा विषय जितका अरुंद, तितका बरा. ‘संगीत नाटकातील स्त्री’ असं काही धरलं तर दोन वर्षांच्या चार सत्रांत हाती संकलनच लागतं. ‘शारदा’तल्या एका अंकातली पदं आणि त्यांच्या चाली, किंवा ‘संशयकल्लोळा’तल्या एकाच पदाचे उपलब्ध सगळे पाठ आणि मुद्रणं, एवढंही पुष्कळ आहे. स्वरलिपी भातखंडे पद्धतीने करावी, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, समेला फुली, खालीला शून्य. पण शेजारी पट्टी, मिनिटाला मात्रा आणि हे कोणाच्या गळ्यातून ऐकलं तेही लिहावं.

जुन्या गायक नटांना ऐकायला जाताना त्यांना नुसतं पद म्हणायला सांगू नये. आधीचा संवाद म्हणायला लावावा, मग पद आपोआप त्या लयीत येतं. नुसतं पद मागितलं की ते मैफलीच्या लयीत गातात. समोरचे संवाद आपण वाचायचे, म्हणून संहिता बरोबर न्यावी. सुरुवातीला त्यांची पट्टी तोंडाने बोलून मुद्रित करावी, फोन विमान-मोडवर टाकावा, पंखा बंद करता आला तर करावा. ऐंशीच्या पुढच्या माणसाला अर्ध्या तासाहून जास्त गायला लावू नये. एका दिवशी दोन पदं खूप झाली. आवाज कुठे कसा वापरला जाईल याची लेखी संमती आधीच घ्यावी, आणि मुद्रणाची एक प्रत विभागाच्या संग्रहात नि एक त्यांच्या घरी, दोन्ही त्याच आठवड्यात पोचवाव्यात.